विश्लेषण : सुपरहिरो पडद्यावर मराठी बोलतो, मग कागदावर का नाही?

परदेशातली नवी सुपरहिरो कॉमिक्स आणि आपल्याकडची स्वतंत्र चित्रकादंबरी वाचण्याजोगी आहेत का? असतील, तर ती देवगाव रंगारीसारख्या गावात का दिसत नाहीत?

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत आठवीतल्या मुलाला स्पायडर-मॅन कोण, हे सांगावे लागत नाही. जून २०२३मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे. हे पात्र मुळात २००४च्या कॉमिकमधले. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवर चढतो. म्हणजे नायक खेड्यातला, पडद्यावरची भाषा मराठी. पण ज्या कंपनीच्या छापील कॉमिक्समधून हा सारा पसारा उभा राहिला, त्या मार्व्हलची आणि तिची स्पर्धक डीसीची नियमित मराठी आवृत्ती निघत नाही.

पूर्वी काय होते?

‘टाइम्स’ समूहाने १९६४मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. वेताळ आणि मँड्रेक त्यातून मराठीतही घरोघरी पोहोचले. १९७६मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. १९९०मध्ये ही मालिका बंद पडली. १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथे’साठी राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांनी काम केले. हिंदीतल्या ‘नागराज’चे सुरुवातीचे अंकही मुळीकांनीच चितारले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१पासून वृत्तपत्रातून भेटू लागला. म्हणजे चित्रकार होते, वाचकही होते. तुटली ती मधली साखळी : प्रकाशक, विक्रेता आणि परवडणारी किंमत.

नव्या पुस्तकांत दम आहे का?

आहे, आणि तो गावातल्या वाचकाला अधिक भिडेल असा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा यांनी बॅटमॅनचा वाडा आणि पैसा दोन्ही काढून घेतले आहेत. इथला ब्रूस वेन शिक्षकाचा मुलगा आहे आणि शहरासाठी अभियंत्याचे काम करतो. श्रीमंताने फावल्या वेळात केलेला न्याय आणि कष्टकऱ्याने जीव धोक्यात घालून केलेला न्याय, यांतला फरक पानोपानी जाणवतो. दोष एकच, पण मोठा : हिंसा बेसुमार आहे. लहान मुलांच्या हाती हा अंक देऊ नये.

नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’मध्ये जेसन एरन आणि राफा सांडोव्हाल यांनी क्रिप्टन ग्रहावरच वर्गभेद दाखवला आहे. सुपरमॅनच्या छातीवरची खूण इथे राजचिन्ह नाही, श्रमिकांची खूण आहे. पृथ्वीवर तो खाणकामगारांच्या बाजूने उभा राहतो. कल्पना उत्तम, पण कथा भूतकाळ-वर्तमानात इतक्या उड्या मारते की नवा वाचक गोंधळतो. जानेवारी २०२४च्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये (लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेत्तो) पीटर पार्करला शक्ती मिळते ती लग्न आणि दोन मुले झाल्यानंतर. घरी काय सांगायचे, हा त्याचा पहिला पेच. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे असे या तिघांतले हेच.

आणि स्वतंत्र कॉमिक्स?

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे पुस्तक सुपरहिरोचे नाही. ‘नवयान’ने २०११मध्ये प्रसिद्ध केलेले ‘भीमायन’ श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिले, तर दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारले. यात ठरावीक चौकटी नाहीत. प्रेमळ बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. त्यातल्या घटना कुठल्या? कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव. तिथे टांगेवाल्यांनी नकार दिल्याने नवख्या हाताने हाकलेला टांगा उलटला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जखमी झाले. पुढची घटना दौलताबादची. १९३४मध्ये वेरूळकडे निघालेल्या बाबासाहेबांना आणि सहकाऱ्यांना हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्याबद्दल तिथे अपमान सोसावा लागला. शाळेची सहल ज्या किल्ल्यावर जाते, त्याच किल्ल्याची ही गोष्ट आहे.

अमृता पाटील यांची ‘कारी’ (२००८) आणि अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ हीदेखील दखल घ्यावी अशी नावे. पहिली प्रौढांसाठी, महानगरातल्या एकटेपणाची. दुसरी मुंबईतल्या संतापलेल्या मावशीची, हसवत चिमटे काढणारी.

कॉमिक्स म्हणजे वाचन नव्हेच?

हा आक्षेप जुना आहे. पण वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर रामायण आणि उत्तरेच्या भिंतीवर महाभारत ओळीओळींनी कोरले आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची परंपरा एकामागून एक चित्र दाखवत गोष्ट सांगते. दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेत काय घडले, हे वाचकाला स्वतः जुळवावे लागते. व्हिडिओ ती जागा ठेवत नाही. मोठ्या मजकुराला बिचकणाऱ्या मुलासाठी कॉमिक ही पहिली पायरी ठरू शकते.

मग करायचे काय?

अमेरिकी अंकाची किंमत साधारण ४ ते ५ डॉलर, म्हणजे एका पातळ अंकाला ३५० ते ४५० रुपये. एवढा खर्च पालकांनी दर महिन्याला करावा, ही अपेक्षा चुकीची आहे. त्यामुळे फुकट, चोरीच्या पीडीएफ फिरतात आणि चित्रकाराच्या हाती काही पडत नाही. उपाय सार्वजनिक हवा. अनुदानित गाव-ग्रंथालयांनी खरेदीत कॉमिक्सचा एक कप्पा ठेवावा, म्हणजे एक प्रत शंभर हातांतून जाईल. प्रकाशकांनी आधी ‘भीमायन’सारखी, इथल्या मातीतली पुस्तके स्वस्त मराठी आवृत्तीत गावोगावी पोहोचवावीत. सुपरहिरोंचे हक्क महाग असतात, ते नंतर पाहता येतील. शाळांनी दप्तराविना शनिवारी मुलांना चार चौकटींत गावातली एक घटना काढायला सांगावी. त्याला फक्त कागद आणि पेन्सिल लागते.

बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक मोबाइलवर मोफत खुले केले, तेव्हा जुना ठेवा गावापर्यंत पोहोचला. नव्या कॉमिक्ससाठीही तीच वाट मोकळी आहे, कारण फोन खिशात आहेच. पालकांनी ‘मोबाइल ठेव’ म्हणण्याआधी एकदा ‘काय वाचतोस, दाखव’ असे विचारावे आणि दोन पाने सोबत वाचावीत. कोणते कॉमिक द्यायचे नि कोणते टाळायचे, हे त्यानंतरच ठरवता येईल.