शेततळ्यातील मोती आणि पाण्यातील चुना

हळद, सोयाबीन आणि कापूस यांच्या पलीकडे ज्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याला फारशी वाट दिसत नाही, तेथे शेततळ्यात मोती पिकविण्याच्या कल्पनेने भुरळ घालावी यात नवल नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मोतीसंवर्धनाला स्थान मिळाले. भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था त्याचे प्रशिक्षणही देते. परंतु जाहिरातींत असते ते नफ्याचे गणित. शिंपल्याच्या पेशीचे गणित त्यांत क्वचितच आढळते.

मोती म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. ते घडविणारे कॅल्शियम शिंपला काही अन्नातून, तर बरेचसे कल्ल्यांच्या आणि प्रावाराच्या, म्हणजे शिंपेला आतून चिकटलेल्या मऊ पडद्याच्या, द्वारे पाण्यातून घेतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गोड्या पाण्यात पुष्कळदा त्याचा दहावा हिस्साही नसतो. त्यातही पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी राखावे लागते. त्यामुळे ते आत शिरणे सोपे. आतून शिंपेच्या बाजूस उपसून टाकण्यास मात्र शक्ती खर्च होते, आणि ती शक्ती अन्न व प्राणवायू यांवाचून मिळत नाही. तळ्यात नुसता चुना ओतून भागेल, ही समजूत येथेच कोसळते. प्राणवायू घटला की शिंपला आपली झडपे मिटून घेतो. अंगात आम्ल साचते आणि ते शमविण्यासाठी तो स्वतःच्याच शिंपेतील चुना विरघळवू लागतो. मोत्यावर थर चढावयाचा, तो राहतो बाजूलाच! मे महिन्यात तापलेल्या, उथळ तळ्यात हा धोका सर्वाधिक, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे विपुल आहेत, विहिरींचे पाणीही बहुधा जड असते, तेव्हा येथे चिंता कसली, असे कोणी म्हणेल. वस्तुतः शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातले की जमिनीचा व पाण्याचा संबंधच तुटतो. पावसाच्या पाण्याने भरलेले तळे आणि विहिरीच्या पाण्याने भरलेले तळे एकाच शिवारात असूनही शिंपल्याच्या दृष्टीने दोन निराळे प्रदेश ठरतात. जपानच्या बिवा सरोवरातील मोतीव्यवसाय १९७० नंतर पाणी दूषित झाल्याने ओसरला, हे येथे ध्यानी घ्यावे. कौशल्याची वाण तेथे नव्हती.

शिंपले विकणारा पैसे आधी घेतो. मोती हाती येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. मधल्या काळातील सारा धोका शेतकऱ्याच्या माथी. पिण्याच्या पाण्याचा जडपणा तपासणाऱ्या प्रयोगशाळा शासनाकडे आहेतच. अनुदानाच्या अर्जासोबत उन्हाळ्यातील पाण्याचा अहवाल, त्यात कॅल्शियम, आम्लता आणि पहाटेचा प्राणवायू हे तीन आकडे, मागण्यास मत्स्यव्यवसाय खात्याला अडचण पडू नये.