नौदलाची 'मालवण' 80 टक्के स्वदेशी आहे म्हणजे नेमकं काय? आणि उरलेल्या 20 टक्क्यांत काय असतं?

30 नोव्हेंबर 2023 ला कोचीन शिपयार्डमध्ये एकाच दिवशी तीन युद्धनौकांचं जलावतरण झालं. माहे, मालवण आणि मंगरोळ अशी त्यांची नावं. त्यानंतर चारच दिवसांनी, 4 डिसेंबरला, नौदल दिनाचा सोहळा मालवणात झाला. पंतप्रधान आले, तारकर्लीच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिकं झाली, सोशल मीडियावर व्हिडीओ फिरले. त्याच आठवड्यात आपल्या गावाच्या नावाची युद्धनौका पाण्यात उतरली, ही बातमी मात्र त्या गर्दीत मागे पडली.

या नौकेबद्दल सरकारी माहितीत एक आकडा सतत येतो. 80 टक्क्यांहून जास्त स्वदेशी. ऐकायला भारीच वाटतं. पण हे 80 टक्के मोजले कसे? वजनावर, सुट्या भागांच्या संख्येवर की पैशांवर? आणि उरलेले 20 टक्के कुठून येतात?

मालवण नावाची ही दुसरी नौका

नौदलात याआधीही एक 'मालवण' होती. ती पाणसुरुंग शोधून काढणारी छोटी नौका 1980 च्या दशकात सोव्हिएत युनियनकडून घेतलेली होती. त्याच्याही आधी, 1977 मध्ये 'सिंधुदुर्ग' नावाची क्षेपणास्त्रवाहू नौका दाखल झाली होती. तीसुद्धा सोव्हिएत बनावटीची. म्हणजे नावं आपल्या किनाऱ्याची, पण आराखडा, पोलाद, इंजिन आणि क्षेपणास्त्रं सगळी बाहेरची.

नवीन 'मालवण'चं तसं नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या शोधणं हे तिचं मुख्य काम. लांबी साधारण 78 मीटर. अशा आठ नौकांसाठी संरक्षण मंत्रालयाने 30 एप्रिल 2019 ला कोचीन शिपयार्डशी सुमारे 6,311 कोटी रुपयांचा करार केला. आराखडा आणि बांधणी दोन्ही भारतातच. चाळीस वर्षांत हा बदल झाला आणि तो खरा आहे. प्रश्न फक्त आकडा वाचण्याचा आहे.

टक्के मोजतात कसे?

पैशांवर. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत याची पद्धत दिली आहे. कराराच्या मूळ किमतीतून कर बाजूला काढायचे. मग परदेशातून आणलेला माल, परदेशी कंपन्यांकडून घेतलेली सेवा, परवाना शुल्क आणि रॉयल्टी यांचा खर्च वजा करायचा. जे उरतं ते स्वदेशी.

भारतीय पुरवठादाराने दिलेला प्रत्येक भाग आपोआप स्वदेशी ठरत नाही. त्याने आत परदेशी सुटे भाग वापरले असतील, तर त्यांची किंमतही वजा व्हायला हवी.

याच नियमांत खरेदीचे वेगवेगळे गट आहेत. आराखडा, विकास आणि उत्पादन तिन्ही भारतात झालेल्या वस्तूला खरेदीत सगळ्यात आधी प्राधान्य मिळतं आणि तिच्यात किमान 50 टक्के स्वदेशी वाटा लागतो. 2016 च्या नियमांत ही अट 40 टक्के होती. भारतीय कंपनीकडून घेतलेल्या, पण आराखडा परदेशी असलेल्या वस्तूसाठी किमान 60 टक्के वाटा लागतो.

म्हणजे 80 टक्के हा आकडा किमतीचा आहे. कोणता भाग महत्त्वाचा, हे त्यातून कळत नाही. मालवणच्या एखाद्या मच्छीमाराने दहा लाखांची होडी बांधून घेतली आणि त्यातलं दोन लाखांचं इंजिन बाहेरच्या देशातून आणलं, तर होडी 80 टक्के देशीच. पण इंजिन आलंच नाही तर ती होडी किनाऱ्यावरच पडून राहणार.

तरंगणं, चालणं, लढणं

नौदल युद्धनौकेचे तीन भाग करतं. पहिला भाग तरंगण्याचा: सांगाडा, पत्रे, केबल, पाइप. दुसरा चालण्याचा: इंजिन, गिअर, शाफ्ट. तिसरा लढण्याचा: तोफा, क्षेपणास्त्रं, रडार, सोनार.

2015 मध्ये नौदलाने पुढच्या पंधरा वर्षांची स्वदेशीकरण योजना मांडली. तेव्हा तरंगण्याच्या भागात सुमारे 90 टक्के, चालण्याच्या भागात 60 टक्के आणि लढण्याच्या भागात जेमतेम 30 टक्के स्वदेशी वाटा होता. त्यानंतर परिस्थिती सुधारली, पण उतरंड तीच राहिली. 2022 मध्ये दाखल झालेली विमानवाहू नौका 'विक्रांत' 76 टक्के स्वदेशी सांगितली जाते. तिला पुढे ढकलणारी चार गॅस टर्बाइन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याची आहेत.

इंजिन अडलं की काय होतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'तुशिल' या फ्रिगेटचं आहे. ती रशियात बांधली जात होती, पण तिच्या आराखड्यात युक्रेनमधल्या झोर्या-मशप्रोएक्त कंपनीची गॅस टर्बाइन होती. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यावर युक्रेनने रशियाला ही टर्बाइन देणं थांबवलं. शेवटी भारताने स्वतः युक्रेनकडून ती विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत पोहोचवली. 'तुशिल' नौदलात दाखल झाली 9 डिसेंबर 2024 ला.

हा विषय सिंधुदुर्गापासून लांबचा नाही. याच मालिकेतल्या दोन फ्रिगेट शेजारच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधायला घेतल्या. त्यातल्या 'त्रिपुट'चं जलावतरण 23 जुलै 2024 ला झालं.

हवाई दलाचा अनुभवही असाच आहे. 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला. त्यांच्यासाठी मागवलेल्या 99 अमेरिकन इंजिनांपैकी पहिलं इंजिन मिळायला मार्च 2025 उजाडलं. विमानाचे सांगाडे तयार, पण इंजिनांची वाट बघायची.

आणि सुटा भाग कोणत्या देशाचा, हा फक्त उशिराचा प्रश्न नाही. 2025 च्या सुरुवातीला लष्कराने 400 ड्रोनच्या खरेदीचे करार रद्द केल्याची बातमी आली. कारण त्यात चिनी सुटे भाग असल्याची शंका होती. ज्याच्याविरुद्ध सीमेवर उभं राहायचं, त्याच्याच चिपवर ड्रोन उडवायचं कसं?

पोलादात जमलं, ते कसं?

'विक्रांत'साठी लागणारं खास पोलाद आधी रशियातून येणार होतं. त्या पुरवठ्यात अडचणी आल्या. मग डीआरडीओची हैदराबादमधली धातुसंशोधन प्रयोगशाळा आणि 'सेल' यांनी मिळून डीएमआर 249 हे नौदलासाठीचं पोलाद विकसित केलं. 'विक्रांत'साठी सेलने असं सुमारे 30 हजार टन पोलाद पुरवलं. पुढे इतर युद्धनौकांनाही ते वापरता आलं.

हे जमलं कारण प्रयोगशाळा, कारखाना आणि ग्राहक तिघंही एकाच टेबलावर होते आणि पुढे ऑर्डर मिळणार याची खात्री होती. युद्धनौकेच्या गॅस टर्बाइनला हेच सूत्र लावणं अवघड जातं. नौका मोजक्या लागतात, संशोधनाला दशकं जातात आणि पहिलं इंजिन फसलं तर खर्च कोणी सोसायचा, हे ठरलेलं नसतं.

हा पेच जुनाच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम 1664 मध्ये सुरू झालं. त्याच्या काही वर्षं आधी, 1659 च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी भागात जहाजं बांधायला घेतली, तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फूस लावल्यावर ते काम सोडून निघून गेले. लाकूड इथलं होतं, पण कसब बाहेरचं होतं. आरमार उभं राहिलं ते इथल्याच लोकांनी पुढे काम हातात घेतल्यावर.

देशी आहे म्हणजे टिकणार का?

मालवणकरांना हा प्रश्न कोणी समजावून सांगायची गरज नाही. नौदल दिनाला राजकोट किल्ल्यावर उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत, 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने पुतळ्याचे नटबोल्ट गंजत असल्याचं नौदलाला पत्राने कळवलं होतं.

पुतळा म्हणजे युद्धनौका नव्हे, दोन्हींच्या कामाची पद्धतही वेगळी. पण खारं वारं नटबोल्टला तुझा देश कोणता असं विचारत नाही. माल कुठला, याइतकंच तो कोणी तपासला आणि तक्रार आल्यावर काय केलं, हेही महत्त्वाचं असतं. स्वदेशीचा टक्का वाढवायच्या घाईत तपासणी ढिली पडली, तर नुकसान नौकेवरच्या माणसांचं होणार.

मग पुढच्या वेळी काय बघायचं?

'इतके टक्के स्वदेशी' असं पोस्टर टाइमलाइनवर आलं की चार प्रश्न विचारायचे. आराखडा कोणाचा? इंजिन कुठलं? सोनार, रडार आणि शस्त्रांमधले महत्त्वाचे सुटे भाग कुठून येतात? आणि उद्या त्या देशाने पुरवठा थांबवला, तर आपल्याकडे दुसरा पर्याय काय आहे?

पहिल्या 'मालवण'च्या वेळी या प्रश्नांचं एकच उत्तर होतं: सोव्हिएत युनियन. तो देश 1991 मध्ये नकाशावरूनच गेला आणि त्याच्या जहाजांचे सुटे भाग मिळवताना नौदलाची दमछाक झाली. दुसऱ्या 'मालवण'च्या वेळी बहुतेक उत्तरं भारतातली आहेत, ही मोठी मजल आहे. पण नौका 20 वर्षांहून जास्त सेवेत राहते. एवढ्या काळात जग कितीदा बदलेल, सांगता येत नाही. म्हणून 80 चे 85 झाले यापेक्षा उरलेल्या 20 मधलं इंजिन देशात बनायला लागलं का, ही बातमी जास्त मोठी असेल.