आधी नळी बघ, मग सायलेन्सर!

बजाज चौकाजवळ आलात, ॲक्सिलरेटर सोडला आणि मागून ‘फट्... फट्...’ असा आवाज आला, तर तुम्ही काय कराल? कॉलेजच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न विचारून बघा. एक म्हणेल, कार्बोरेटर साफ कर. दुसरा म्हणेल, प्लग बदल. तिसरा म्हणेल, सायलेन्सरच नवा टाक, आवाजही भारी येईल. आणि चौथा म्हणेल, ‘येऊ दे ना बे, मस्त वाटते!’

मी चौथ्याचं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकलं. गाडी जुनी, सेकंडहँड, कार्बोरेटरवाली. कार्बोरेटर दोनदा खोलून झालं, प्लग नवा आला, मेसचे पैसे गेले आणि आवाज जसाच्या तसा. सायलेन्सरसाठी बाबांना फोन करणार, तेवढ्यात आर्वी नाक्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी खाली वाकून पेन्सिलीएवढी एक रबरी नळी बोटाने दुमडली. तिच्यावर बारीक भेग उघडली. ‘भाऊ, हे पाह्यली का कोणी?’ एवढंच म्हणाले. नवी नळी एका प्लेट तर्री पोह्याच्या भावात आली. आवाज बंद.

ही नळी काय करते? आपल्याकडच्या बऱ्याच मोटारसायकलींमध्ये धुरातलं अर्धवट जळालेलं इंधन पूर्ण जळावं म्हणून एक्झॉस्टमध्ये थोडी ताजी हवा सोडतात. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता तेव्हा मात्र ही हवा थांबवावी लागते, नाहीतर न जळालेलं इंधन गरम सायलेन्सरमध्ये पेटतं आणि फटाके वाजतात. हवा थांबवायचं काम एक छोटा व्हॉल्व्ह करतो. त्याला वीज लागत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच्या हवा ओढणाऱ्या बाजूला निर्वात वाढतो, तो या नळीतून व्हॉल्व्हच्या पडद्याला ओढतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. नळीला भेग पडली की निर्वात पोचत नाही. वर्ध्याच्या उन्हात आणि इंजिनच्या धगीत रबर किती वर्षं मऊ राहणार?

आता गंमत बघा. ज्या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ आपण रात्री जागून बघतो, त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये हीच युक्ती आहे. धुराच्या वाटेत एक झडप असते. इंजिनमधला निर्वात आधी एका छोट्या टाकीत साठतो, विजेवर चालणारा सोलेनॉइड तो सोडतो किंवा अडवतो आणि पडदा दांडा ओढून झडप फिरवतो. बऱ्याच गाड्यांत निर्वात असेल तर झडप बंद, नसेल तर स्प्रिंग ती उघडते. म्हणून नळी फाटली की गाडी गल्लीतही डरकाळ्या फोडते. मालकाला वाटतं, मोठा खर्च निघाला. दोष कधी कधी रबराच्या तुकड्यात असतो.

आणि ती झडप बसवली कशासाठी? गावात गाडी शांत चालावी आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिनला मोकळा श्वास मिळावा यासाठी. म्हणजे कोट्यवधींच्या गाडीतही गप्प बसण्यासाठी इंजिनिअरिंग खर्ची पडलंय. आपण मात्र सायलेन्सरच्या आतली जाळी कापून त्याला ‘स्पोर्ट्स’ म्हणतो. ते स्पोर्ट्स नाही, ती तोडफोड आहे. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यासमोरून रात्री फटाके फोडत जाताना एकदा आत कोण झोपलंय याचा विचार करा. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. विचार नसेल करायचा तर हिशेब करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वरून ३ महिने लायसन्सही जातं.

मग गाडी फटफट करत असेल तर काय करायचं? क्रमाने चला. इंजिन थंड होऊ द्या. नळी दुमडून, पिळून बघा. भेग सरळ नळीत दिसत नाही. मग मेडिकलमधून एक सिरिंज आणा. नळीचं इंजिनकडचं टोक काढून त्याला सिरिंज लावा, दट्ट्या ओढा आणि सोडा. दट्ट्या परत आत गेला तर नळी आणि पडदा ठीक. बाहेरच राहिला तर हवा कुठूनतरी शिरतेय. आता नळी काढून सिरिंज थेट व्हॉल्व्हला लावा. इथे दट्ट्या परत गेला तर दोष नळीत, नाही गेला तर पडद्यात. दोन्ही ठीक असतील तर सायलेन्सर इंजिनला जिथे जोडतो तिथलं गॅस्केट तपासा, तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी फटाके वाजतात. कार्बोरेटरचा नंबर त्यानंतर. बीएस-६ गाडीत इंजिनचा दिवा पेटला असेल तर काहीही खोलण्याआधी कोड वाचून घ्या.

तुम्ही म्हणाल, हे मिस्त्रीचं काम आहे, आपण कशाला हात काळे करायचे? मलाही असंच वाटायचं. पण खरं सांगू का, ज्यांनी आधी माझं कार्बोरेटर खोललं त्यांची चूक नव्हती. मीच जाऊन सांगितलं होतं, ‘कार्बोरेटर साफ करा.’ मी त्यांना लक्षण सांगितलंच नाही, थेट औषध सांगितलं. ‘ॲक्सिलरेटर सोडल्यावरच आवाज येतो, चालवताना येत नाही’ एवढं एक वाक्य बोललो असतो तर माझे पैसे वाचले असते. मिस्त्रीची रोजी हिसकावायची नाही, त्यांच्याकडे नीट प्रश्न घेऊन जायचं आहे.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. दाब आणि निर्वाताची गणितं मी परीक्षेत सोडवली होती. पार्किंगमध्ये तेच गणित समोर उभं राहिलं तर ओळखता आलं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायची ‘वर्धा योजना’ पुढे आली. आपण मात्र त्याच गावात पुस्तक एका खोलीत आणि पाना दुसऱ्या खोलीत ठेवून पास होतोय.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी, पंखा, मोटारपंप, काहीही बिघडलं तर ‘काय बदलू?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: कधी होतं? कधी होत नाही? सगळ्यात स्वस्त तपासणी कोणती? बाबांना फोन त्यानंतर करा. बरेचदा करावाच लागणार नाही.