अग्निवीर परततील तेव्हा : गेटवरची नोकरी की संगणकापुढची खुर्ची?

कोल्हार (ता. राहाता) : लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षांचा हिशेब धरला, तर २०२६ च्या अखेरीपासून ही मुलं मोकळी व्हायला लागतात. त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होतील आणि बाकीची घरी येतील. कोल्हार, लोणी, बाभळेश्वर पट्ट्यातल्या ज्या घरांतली पोरं गेली आहेत, तिथं आता एकच विषय आहे, आल्यावर करायचं काय?

आजवर या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं. जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करायचा, पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी यायचा. घर बांधायचा, विहीर खोल करायचा, उसाकडे बघायचा आणि जोडीला बँकेत, कारखान्यात किंवा हॉस्पिटलच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून लागायचा. दर महिन्याला पेन्शन येत असल्यानं गेटवरचा पगार कमी असला तरी भागायचं. माजी सैनिक म्हणून आरक्षण होतं, कॅन्टीनचं कार्ड होतं, औषधोपचाराची सोय होती.

अग्निवीराच्या हातात यातलं फारसं काही नाही. योजनेच्या मूळ अटींनुसार त्याला पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. माजी सैनिक हा दर्जासुद्धा मिळत नाही, ही त्याहून मोठी गोष्ट गावात अजून नीट पोहोचलेली दिसत नाही. दर्जा नाही म्हटल्यावर त्यामागोमाग येणारं कॅन्टीन आणि वैद्यकीय योजना दोन्ही गेल्या. सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या राखीव जागाही त्याला आपोआप लागू होत नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा ठेवण्याची घोषणा जून २०२२ मध्येच झाली होती. पण तिथंही परत भरती, परत परीक्षा, परत वेटिंग आहेच.

मिळतो तो सेवानिधी. पहिल्या वर्षी महिना ३० हजार पगार, त्यातले ९ हजार निधीत जमा, हातात २१ हजार. चौथ्या वर्षी ४० हजारांतले २८ हजार हातात. जवानाचे ५ लाख २ हजार, सरकारचे तेवढेच आणि वर व्याज, असे मिळून चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, प्राप्तिकर नाही. रक्कम लहान नाही. पण आपल्याकडे एकरकमी पैसा घरात आला की त्याला वाटा कशा फुटतात, हे सांगायला नको. बहिणीचं लग्न, स्लॅब, सोसायटीचं कर्ज. अवजारांसह नवा ट्रॅक्टर घेतला तर यातला मोठा हिस्सा तिथंच संपतो. आणि पोराचं वय तेव्हा एकवीस ते पंचवीसच्या आसपास, पहिल्या वर्षी वयाची सवलत मिळालेल्यांचं फार तर सत्तावीस. पुढची पस्तीस वर्षं ११ लाखांवर निघत नाहीत.

म्हणून पेन्शनच्या जोडीला गेट हा जुना हिशेब या मुलांना लावणं चूक ठरेल. पेन्शन काढून घेतली तर उरतं फक्त गेट.

सध्याची पुनर्वसनाची यंत्रणा बघितली तर तिचा रोख अजून गेटकडेच आहे. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय सुरक्षा एजन्सींना मान्यता देतं, पेट्रोल पंप, सीएनजी स्टेशन, कोळसा वाहतूक अशा योजना चालवतं. राज्यात माजी सैनिकांचं महामंडळ, म्हणजे मेस्को, सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुरक्षारक्षक पुरवतं. ही कामं कमी प्रतीची नाहीत, त्यांनी हजारो घरं चालवली आहेत. मात्र शिपाई माणसाला राखणच जमते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

खरं तर गोष्ट वेगळी आहे. सिग्नल्समधला जवान रेडिओ, केबल, नेटवर्क हाताळतो. ई.एम.ई.मधला जवान रणगाड्यापासून रडारपर्यंत दुरुस्ती करतो. क्लार्क आणि स्टोअरकीपर संगणकावर साठ्याचा हिशेब ठेवतात. साध्या इन्फंट्रीच्या शिपायालाही नोंदवही, वेळेवर रिपोर्ट आणि ड्युटी हस्तांतर अंगवळणी पडलेलं असतं. हे सगळं येतं, पण कागदावर ते दिसत नाही. पुण्यातल्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाला ट्रेडचं नाव वाचून काहीही कळत नाही.

तंत्रज्ञानातली नोकरी म्हणजे इंजिनिअरिंगची डिग्री आणि फाडफाड इंग्रजी, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. काही कामांना ते लागतंच. पण सायबर सुरक्षेतलं पहिल्या पायरीचं काम बघा. मोठ्या बँका, कंपन्या चोवीस तास पाळत ठेवणारी केंद्रं चालवतात. तिथं पाळीनं बसायचं, स्क्रीनवर नजर ठेवायची, काही वावगं दिसलं की वेळेसह नोंद करायची, ठरलेल्या क्रमानं वर कळवायचं आणि पुढच्या पाळीला सगळं समजावून जायचं. सीमेवरच्या चौकीत रात्र काढलेल्या पोराला यातलं नेटवर्कचं ज्ञान शिकावं लागेल, ते काही महिन्यांच्या मेहनतीचं काम आहे. जागं राहणं आणि न चुकता नोंद करणं त्याला शिकवावं लागणार नाही. इतरांना तेच शिकवणं अवघड जातं.

दुसरं जवळचं काम ड्रोनचं. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या दहावी पास माणसालाही रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळू शकतं. प्रवरेच्या काठच्या उसात, डाळिंबात फवारणीला मजूर मिळेना झालाय, हे वेगळं सांगायची गरज नाही. शेतीच्या तंत्रज्ञानावर काम करणारं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठही इथून फार लांब नाही. अर्थात फक्त ड्रोन उडवून पोट भरेल असं कुणी समजू नये. हंगामी धंदा आहे, बॅटरी महाग आणि दुरुस्ती त्याहून महाग. दुरुस्ती येणारा माणूस टिकेल.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आधी सोडवून पाहिला आहे. अमेरिकेनं दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा केला आणि लाखो साधे शिपाई कॉलेजात गेले. इस्राएलमध्ये अठराव्या वर्षी सक्तीची सेवा असते. तिथल्या ८२०० या तुकडीत संगणक आणि संदेशवहनाचं काम केलेल्या मुलांनी बाहेर पडून कंपन्या काढल्या. १९९३ ची चेक पॉइंट ही त्यातली गाजलेली. आपल्या अग्निवीराचं वय जवळपास तेच. फरक असा की ती मुलं सेवेत असतानाच पुढच्या कामाला लागणारी विद्या शिकत होती. आपल्याकडे दहावी पास अग्निवीराला मुक्त विद्यालयी संस्थेतून बारावीचं प्रमाणपत्र आणि इग्नूची पदवी, ज्यात निम्मी श्रेयांकं सेवेतल्या प्रशिक्षणाची धरतात, अशी सोय २०२२ मध्येच जाहीर झाली. चांगली सोय आहे. पण घरच्यांनी फोनवर ‘जेवला का’ याच्यासोबत ‘इग्नूला नाव घातलं का’ हेही विचारायला हवं.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण इथं आठवतं, सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. ई.एम.ई.चे जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवलं, तो भाग सिनेमामुळे आता सगळ्यांना माहीत आहे. पोटापाण्याची सोय मात्र पुण्यातल्या टेल्कोच्या नोकरीनं झाली. कारखान्यानं दार उघडलं म्हणून ते जमलं.

आता लिहिण्याचं. सैन्यातून लेखनाकडे वळलेली माणसं आपल्याकडे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत लेफ्टनंट कर्नल राहिलेले मनोहर माळगावकर पुढे इंग्रजीतले नावाजलेले कादंबरीकार झाले. पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून गेलेल्या कॅप्टन गो. गं. लिमये यांनी मराठीत सैन्यातल्या आठवणी लिहिल्या. ब्रिगेडियर हेमंत महाजन यांचे लेख आजही मराठी वर्तमानपत्रांत येतात. ही सगळी अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायाचं नाव या यादीत शोधावं लागतं. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना १९४५ ला इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पराक्रम जगाला कळला तो सरकारी गॅझेटच्या इंग्रजीतून.

लेखनावर पोट भरतं का, हा व्यवहारी प्रश्न आहे. कथा-कादंबरीवर नाही भरत. पण यंत्राची, सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिणारा टेक्निकल रायटर ही पगारी नोकरी आहे, आणि शेतकऱ्यांसाठीची ॲप, विमा, बँक यांना सरळ मराठी लिहिणारी माणसं हवी असतात. तिथलं मराठी किती वाईट असतं, हे पीकविम्याचा फॉर्म भरणाऱ्याला विचारा. सैन्यातल्या सूचना कशा असतात? एका वाक्यात एक काम, क्रम ठरलेला, गोंधळाला जागा नाही. ही सवय इथं उपयोगी पडते. इंग्रजी वाचून समजण्याइतकं मात्र यावंच लागेल.

अडचणीही आहेत. १९२३ च्या गोपनीयता कायद्यामुळे तुकडी, ठिकाण, उपकरणं यांबद्दल काहीही लिहिता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. २०२० मध्ये लष्करानं फेसबुक-इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. म्हणजे बाहेरचा मुलगा त्या चार वर्षांत आपलं काम इंटरनेटवर मांडत असतो, ओळखी करत असतो, तेव्हा अग्निवीराचं पान कोरं असतं. तो बाहेर पडतो तेव्हा शिस्तीत पुढं आणि ओळखीत मागं असतो.

हे अंतर इथंच भरून काढता येईल. भरतीपूर्व अकॅडम्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, १,६०० मीटर कसं पळायचं ते शिकवतात. परतलेल्यासाठी त्यातल्या एकीनंही वर्ग काढल्याचं ऐकिवात नाही. कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर लोणीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, संध्याकाळी त्याच्या प्रयोगशाळा मोकळ्या असतील, तर नेटवर्क आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग अशक्य नाही. नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असते. दर्जा असो-नसो, अग्निवीरांची वेगळी यादी ट्रेडनिहाय करायला तिथं कुणाची हरकत असू नये. ग्रामपंचायतीलाही आपल्या गावातली किती पोरं कधी परत येणार, हे एका बैठकीत कळेल.

जी मुलं अजून सेवेत आहेत, त्यांनी बाहेर पडताना मिळणारं कौशल्य प्रमाणपत्र नीट वाचूनच सही करावी. ट्रेड, यंत्रांचे प्रकार, केलेले कोर्स त्यात आले आहेत का ते बघावं. राहिलं असेल तर युनिटमध्ये असतानाच भरून घ्यावं. घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात किती महिने जातात, हे गावातल्या कुठल्याही पेन्शनरला विचारलं तरी तो सांगेल.