पाणी गाळलं, पण खड्डा कुठे खणला?



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत पाणी गाळायची फडकी बदलली जातात. माझ्या सासूबाई जाड सुती फडकं दुहेरी करून विहिरीचं पाणी गाळतात आणि फडक्यावर राहिलेले जीव जपून त्याच विहिरीत सोडतात. मला याचा अभिमान आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

गेल्या पावसाळ्यात घरात एकामागून एक सगळ्यांची पोटं बिघडली. मी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. अहवालात ई-कोलाय जीवाणू निघाले, म्हणजे पाण्यात मैला मिसळत होता. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलीलीटर पाण्यात हा जीवाणू मुळीच सापडता कामा नये. मी लगेच शेजारच्या नव्या बंगल्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी मात्र टेप काढून अंतर मोजलं. विहिरीला सर्वांत जवळचा शोषखड्डा आमचाच होता, जेमतेम २५ फुटांवर!

सेप्टिक टँकच्या मानकात शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतर सांगितलं आहे. घर बांधताना आम्ही फरशीचा रंग चार दुकानांत पाहिला, पण हे कुणाला विचारलं नाही.

अंतराइतकीच मातीही महत्त्वाची. आपल्या किनाऱ्याकडच्या वाड्यांत जमीन रेताड; तिथे सांडपाणी नीट गाळलं जाण्याआधीच खाली उतरतं. भाताच्या खाचरांकडे चिकणमाती. तिथे ते मुरतच नाही, वर येतं. म्हणून टँक बांधण्याआधी खड्डा घेऊन त्यात पाणी भरावं, माती भिजू द्यावी, मग पुन्हा भरून पाणी किती वेळात उतरतं ते पाहावं. आणि हे उन्हाळ्यातल्या भरवशावर ठरवू नये. पावसाळ्यात भूजल वर येतं. जुलै २०१८ च्या पुरात वसई कशी बुडाली होती ते आपण पाहिलंय. अशा वेळी टँक आणि विहीर एक व्हायला कितीसा वेळ?

मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "आपण उकळूनच पितो ना, मग काळजी कसली?" काकू, उकळल्याने जंतू मरतात, पण मैल्यातून येणारं नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे, आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. फडक्यातून तर जीवाणूही आरपार जातात.

मला टोचलं ते वेगळंच. ज्या विहिरीत सासूबाई जीव जपून सोडत होत्या, तिच्यातच आम्ही आमची घाण पाझरवत होतो. शिवाय विहीर बिघडली की ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. ती टाकताना माझा हात थरथरला. त्या पाण्यातल्या किती जीवांची हिंसा झाली, आणि ती टाळता आली असती, खड्डा खणतानाच!

आपल्या साधू-साध्वींच्या पाच समित्यांमध्ये शेवटची कोणती? पारिष्ठापनिका, म्हणजेच उत्सर्ग समिती. मलमूत्र टाकण्याआधी जागा नीट पाहायची, कुणा जीवाला बाधा होणार नाही अशीच निवडायची. आपण श्राविकांनी पाणी गाळायचं व्रत घेतलं, पण हा धडा गवंड्यावर सोपवून मोकळ्या झालो. माझ्या मते जागा पाहणं हाही पाणी गाळण्याचाच भाग आहे.

आम्ही आता शोषखड्डा मागच्या कुंपणापाशी नेलाय. पाणी पुन्हा तपासून स्वच्छ निघेपर्यंत विहिरीचं पीत नाही. खर्च झाला, बोलणीही खाल्ली. तुम्ही एवढंच करा: नळ आला असला तरी विहीर वापरात असेल, तर पावसाळ्याआधी आणि नंतर तिचं पाणी तपासा. आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी टेप घेऊन आपल्याच अंगणात उतरा.

जय जिनेंद्र.