दाम बुडवून दानधर्म

दिवाळी जवळ आली की मराठी घराच्या उंबरठ्यावर एक जुना शब्द येऊन उभा राहतो. तो शब्द म्हणजे पोस्त. पोस्टमन, दूधवाला, झाडूवाला ती हसत मागतात आणि आपण थोडी कुरकुर करून देतो. मुंबईचे डबेवाले तर दिवाळीला एका महिन्याचे जास्त पैसे घेतात. यात कमीपणा कोणालाच वाटत नाही. कारण घेणारा वर्षभराच्या ओळखीचा असतो, त्याचे ठरलेले दाम त्याला आधीच पोचलेले असतात, आणि पोस्त ही त्यावरची सणाची भर असते.

आमच्या खांदेश्वरात आता पोस्तीची जागा टिपेने घेतली आहे. स्टेशनच्या एका अंगाला कामोठे, दुसऱ्या अंगाला खांदा कॉलनी. आणि दोन्हीकडे खाऊ घालणारे हात बव्हंशी बाहेरून आलेले. गल्ल्यावर दक्षिण कानड्यातला शेट्टी, चायनीजच्या कढईपाशी नेपाळी आचारी, बिर्याणीच्या पातेल्यापाशी उत्तर प्रदेशचा कारागीर. आपण सोफ्यावर बसून मोबाइलवर बोट टेकवतो. घास हाती पडण्याआधीच मोबाइल विचारतो, टीप किती देणार? विसावर बोट ठेवले की आपण कर्णाच्या कुळातले आहोत असे आपल्याला वाटू लागते.

या दानशूरपणावरच माझा आक्षेप आहे.

पाठीवर पिशवी घेऊन येणाऱ्या पोराला कंपनी नोकर म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, पाय मोडला तर तो पायही त्याचाच. मिळकत फेरीगणिक. नफ्यात वाटा नसलेला आणि तोट्यात मात्र सर्वांच्या पुढे असलेला असा भागीदार आमच्या गणिताच्या पुस्तकात कधी आला नव्हता. मी शाळामास्तर आहे. सरळव्याज शिकवलेली माझी मुले आज हा उलटा हिशेब रस्त्यावर सोडवीत आहेत. आणि स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या परप्रांतीय पोराचे काय? जुन्या हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत राहिलेल्या नाण्यांतून फडके मारणाऱ्या पोऱ्यालाही काही सुटत असे. मोबाइलवरची टीप भटारखान्याचा उंबरा ओलांडतच नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, बाहेरच्यांचा एवढा पुळका कशाला? १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा मुंबईत उडप्यांविरुद्ध अशाच आरोळ्या उठल्या होत्या. ज्यांच्या नावाने त्या उठल्या, त्यांच्याच इडलीवर आज मराठी घराचा रविवार उजाडतो. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली खाणावळ काढली, तिच्या पंगतीला बसून किती मराठी कारकून जेवले! दिवसा कपबशा विसळून रात्रशाळेत शिकलेली कानडी पोरे पुढे मालक झाली. त्यांना वर काढले ते ठरलेल्या पगाराने, डोक्यावरच्या छपराने आणि रात्रशाळेने. केवळ टिपेवर कोणी मालक झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

टीप पगारात शिरली की काय होते, हे अमेरिकेत पाहावे. तिथे टीप घेणाऱ्या नोकराला मालकाने रोख द्यावयाचा केंद्रीय किमान दर तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. उरलेले गिऱ्हाइकाच्या खिशातून यावे, कमी पडले तर मालकाने भरावे, असा कायदा आहे. म्हणजे मालकाचा पगारखर्च आपण उदारपणाच्या नावाने उचलायचा!

आपल्याकडे २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना बिलात परस्पर सेवाशुल्क लावण्यास मनाई केली, आणि २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. योग्यच झाले, सक्तीची बक्षिसी ही खंडणीच. पण गिऱ्हाइकाची सुटका झाली म्हणून वाढप्याचा पगार वाढत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यानुसार अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, मात्र या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायचे आहेत. हा पैसा त्या पोराच्या दवाखान्यापर्यंत पोचतो की नाही, हे विचारणे आपले काम आहे. विसावर बोट ठेवून ते संपत नाही.

आणि वीस रुपये देणाऱ्याच सोसायट्यांत पाटी असते: 'सामान पोचविणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये.' सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्टच नाही, तिथे नाइलाज. पण जिथे आहे तिथे माणसाला जिन्याने चढवायचे आणि वर टीप द्यायची, याला औदार्य म्हणत नाहीत.

तेव्हा यंदा पोस्त जरूर द्या, हातात द्या, सोबत पाण्याचा पेला आणि दोन करंज्याही द्या. हॉटेल कोपऱ्यावर असेल तर स्वतः चालत जा. सोसायटीच्या पुढच्या सभेत ती पाटी उतरवण्याचा ठराव मांडा. दाम चुकते केल्यावर वर जे देतो ती पोस्त. दाम बुडवून जे देतो त्याला आपल्या भाषेत भीक म्हणतात, आणि कष्ट करणाऱ्याला भीक घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.