सव्वातीन मीटरचा हिशेब

अश्विनी पौर्णिमा जवळ आली की तुळजापूरकडे येणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपून श्रमनिद्रेला गेलेली भवानी या दिवशी पुन्हा सिंहासनावर येते. तिच्या दर्शनाला सोलापूर, कलबुर्गी, विजयपूर, पार तेलंगणापासून लोक चालत निघतात, बरेचसे अनवाणी. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर साधारण 45 किलोमीटर. या दिवसांत प्रशासन त्या वाटेवरची वाहने दुसरीकडून वळवते आणि एरवी ट्रकांचा असलेला चौपदरी महामार्ग पायांच्या ताब्यात येतो. रस्ता रुंद झाला म्हणजे नेमके काय झाले, हे विचारायला याहून चांगला मुहूर्त आम्हाला तरी दिसत नाही.

जुना राष्ट्रीय महामार्ग 211, आताचा 52. त्याच्या सोलापूर-तुळजापूर-धाराशिव टप्प्याचे चौपदरीकरण 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सोलापुरात लोकार्पण झाले. फायदा झाला, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. समोरासमोरच्या धडकांची भीती कमी झाली, एसटीचा वेळ वाचला, सोलापूरच्या दवाखान्यात पेशंट लवकर पोचू लागला. पण तामलवाडीच्या पुढे दुपारच्या उन्हात चालणाऱ्याला विचारा, थांबायचे कुठे? दुपदरी रस्त्याच्या कडेच्या लिंब-चिंचांखाली पूर्वी माणसे टेकायची. आता दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आहे. कण्हेरीखाली माणसाला सावली मिळत नाही आणि शेळी तिला तोंड लावत नाही. म्हणून जाणती माणसे हल्ली रात्रीच चालतात.

महामार्गाबद्दल बोलायला निदान कागद तरी असतात. आमची चिंता आहे फाट्यावरून आत वळणाऱ्या रस्त्यांची. प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशा नावांनी ते बांधकाम खात्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या नकाशांवर असतात. एकपदरी रस्त्याचे डांबर 3.75 मीटर, मधल्या रुंदीचे 5.5, दुपदरीचे 7. आज आमच्या धाराशिव जिल्ह्यात ठिकठिकाणी पहिल्याचे दुसरे आणि दुसऱ्याचे तिसरे करण्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि समोरून शाळेच्या पोरांनी भरलेली एसटी, यांची एकपदरी रस्त्यावर गाठ पडते तेव्हा कोणीतरी साइडपट्टीवरून खाली उतरतो आणि कधीकधी उलटतो. रस्ता नको म्हणणारा माणूस या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. आम्हीही तो नव्हे.

प्रश्न एवढाच, की या रुंदीचा दुसऱ्या बाजूचा हिशेब कोण मांडतो? कायद्याने विचाराल तर कोणीच नाही. पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे करणारी आजची अधिसूचना 14 सप्टेंबर 2006ची. तिच्या यादीत राष्ट्रीय महामार्ग आहेत, राज्य महामार्ग आहेत. जिल्हा मार्ग आणि गावरस्ता तिच्या खिजगणतीतही नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणालाही 2013च्या दुरुस्तीने सवलत मिळाली: लांबी 100 किलोमीटरहून जास्त असेल आणि आहे त्या मार्गावर 40 मीटरहून अधिक जादा जागा लागणार असेल, तरच मूल्यांकन. या आकड्याची गंमत उत्तराखंडने दाखवली. चारधाम रस्त्याचे सुमारे 900 किलोमीटर 53 तुकड्यांत विभागले गेले, प्रत्येक तुकडा शंभराच्या आत, आणि सलग मूल्यांकनाचा प्रश्नच उरला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आले. तोवर डोंगर बऱ्याच ठिकाणी कापून झाला होता. बैल गेला अन् झोपा केला, दुसरे काय.

आपल्याकडे तुकडे पाडावे लागत नाहीत. गावरस्ता मुळातच सहा-आठ किलोमीटरचा. वनजमीन किंवा अभयारण्य आड आले तर वेगळी परवानगी लागते. नाही आले तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि जेसीबी. प्रत्येक रस्ता एकेकटा पाहिला तर निरुपद्रवीच दिसतो. म्हणून बेरीज करून पाहू.

3.75 मीटरचा रस्ता 7 मीटरचा झाला की सव्वातीन मीटरची भर पडते. किलोमीटरला 3,250 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 32 गुंठे जमीन डांबराखाली. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात ही नवी पट्टी दर किलोमीटरला दोन लाख लिटरांहून जास्त पाणी बाजूला फेकते. त्यातले काही तरी पूर्वी मुरमाच्या साइडपट्टीत आणि कडेच्या गवतात मुरायचे. आता ते एकदम आणि वेगाने येते, आणि येते ते रस्त्याकडेच्या पहिल्या शेतात. शिवाय काळ्या मातीत रस्ता रुंद करायचा तर माती काढून मुरूम भरावा लागतो, खडीचे थर चढतात, रस्त्याची उंची वाढते. जुन्या मोरीच्या सिमेंट पाइपा मात्र बऱ्याचदा तेवढ्याच व्यासाच्या राहतात, दोन्ही टोकांना एकेक तुकडा जोडून लांब केलेल्या. उंच भराव आणि अरुंद मोरी यांचा मिळून चांगला बंधारा होतो. फरक इतकाच, की बंधाऱ्याची जागा कोणीतरी पाहून ठरवलेली असते.

सप्टेंबर 2025मध्ये या जिल्ह्याने काय पाहिले ते सांगायला नको. परंडा भागात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले, सीनाकाठचे सोयाबीन पाण्यात गेले, कितीतरी जमिनी खरडून खडक उघडा पडला. तो पूर रस्त्यांमुळे आला असे कोणी म्हणणार नाही. ढगफुटीसारख्या पावसापुढे कुठलीही मोरी अपुरीच. पण पाणी ओसरायला एका शिवारात एक दिवस लागला आणि भरावापलीकडच्या शिवारात चार, हा फरक ज्यांनी सोसला त्यांना त्याचे कारण ठाऊक असते. शेजाऱ्याने ओढा अडवला तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. सरकारी भरावाने अडवला तर अर्जाची पोच घेऊन उपविभागाच्या पायऱ्या झिजवायच्या.

झाडांचा हिशेब आणखी अवघड, कारण तो चुकीच्या मापाने होतो. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ 7,569 चौरस किलोमीटर आणि वनाच्छादन त्याच्या एक टक्काही नाही. अशा जिल्ह्यात रस्त्याकडेचा वड, लिंब, चिंच हीच आपली उभी झाडी. पूर्वी मैलकुली त्यांना पाणी घालायचा, खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचा. ती पदे आटली. आता खोडावर रंगाने आकडा पडतो तो बहुधा तोडीचाच. पंचनाम्यात लिहिले जाते ते जात, खोडाचा घेर आणि लाकूड किती निघेल याचा अंदाज. सरपण म्हणून त्याची किंमत ठरते. त्या लिंबाखालची एसटीची वाट पाहणारी माणसे, चिंचेच्या लिलावाचे पैसे, बार्शीच्या आडतीत जाणारी पोती, उन्हाळ्यात पाला आणि बाभळीच्या शेंगांवर तग धरणारी शेळी यातले काही रकान्यात बसत नाही. आणि शेळी म्हणजे कुठली, तर जिच्या जातीमुळे जिल्ह्याचे जुने नाव देशभरच्या पशुवैद्यकीय पुस्तकांत छापले गेले ती उस्मानाबादी.

झाडाची खरी किंमत काढण्याचा एक प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापुढे झाला आहे. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडवरची 356 झाडे रेल्वेमार्गावरच्या पुलांसाठी तोडायची होती. तज्ज्ञ समितीने 2021मध्ये सांगितले, एका झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये, गुणिले त्याचे वय. शंभर वर्षांच्या झाडाचा आकडा पाऊण कोटीच्या घरात जातो. आकडा वाचून डोळे पांढरे झाले, तरी झाडे वाचली नाहीत, पुढे तोडीला परवानगी मिळालीच. आपल्या राज्यानेही 2021मध्ये नागरी भागांच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षांवरचे झाड वारसावृक्ष, आणि तोडायचेच तर त्याच्या वयाएवढी रोपे लावायची. कल्पना उत्तम. पण कायदा नागरी हद्दीपुरता. नगरपालिकेच्या पाटीच्या अलीकडचा वड ऐंशी वर्षांचा ठरतो, आणि पलीकडच्या वडाला 1964चा वृक्षतोड कायदा लागू, त्यात वयाचा असा गुणाकार नाही. वडाला हद्द कळत नाही, हा त्याचा दोष.

मुरूम कुठून येतो, हेही कोणी विचारत नाही. बालाघाटच्या माळांवर त्याला तोटा नाही, म्हणून जवळच्या टेकडीला जेसीबी लागतो. रस्त्यांसारख्या कामांसाठी माती-मुरूम काढायला पर्यावरण मंजुरीची गरज नाही, अशी सरसकट सूट केंद्राने मार्च 2020मध्ये दिली होती. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यानंतर केंद्राने अटी घालून नवी अधिसूचना काढली. दिल्लीतल्या या ये-जा इकडच्या टेकडीपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर कुरण जाते आणि खड्डा राहतो. हाच खड्डा शहाणपणाने खणता येतो हे बुलढाण्याने दाखवले आहे. तिथे महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घेतला गेला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणीसाठा. हा ‘बुलढाणा पॅटर्न’ इतरत्र गाजला. पाण्यासाठी ज्या मराठवाड्याच्या घशाला दर दोन-चार वर्षांनी कोरड पडते, त्याने तो गावरस्त्यांसाठी नियमच करायला हवा होता.

आणि एक पाहुणा. डिसेंबर 2024मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यापुढून वाघ गेला. यवतमाळच्या टिपेश्वरचा तरुण नर, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या आपल्या अभयारण्याला एकदम महत्त्व आले. पेंचजवळ महामार्गाखालून प्राण्यांसाठी मार्ग ठेवले गेले, समृद्धीवरही तशी कामे झाली, ती मोठ्या रस्त्यांवर. पण या वाघाने वाटेत महामार्ग मोजकेच ओलांडले असतील. ज्यांची कुठे नोंद नाही असे बारके रस्ते मात्र त्याला दर रात्री आडवे आले असणार. हेच कोल्ह्याचे, काळविटाचे, सायाळीचे, ज्यांच्या प्रवासाची बातमी होत नाही. एकपदरी रस्त्यावर गाडी खड्डे चुकवत चाळीसच्या वेगाने जाते. तोच रस्ता रुंद, गुळगुळीत झाला की ऐंशीने. रस्त्यावर मेलेली जनावरे मोजण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

मग करायचे काय? पाचशे पानांचा अहवाल, सल्लागार कंपनी, जनसुनावणीचा मांडव हे सगळे सहा किलोमीटरच्या रस्त्याला झेपणारे नाही, आणि तो अहवाल दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून नाव बदलून उतरवला जाण्याचीच शक्यता अधिक. जलयुक्त शिवारच्या काळात शिवारफेरी ही चांगली सवय लागली होती. तीच निविदेआधी रस्त्यासाठी करावी. शाखा अभियंता, तलाठी, ग्रामसेवक आणि रस्त्याकडेच्या जमिनींचे मालक एकत्र चालले, की ओढ्याचे पाणी कुठून कुठे गेले ते शेतकरी बोट दाखवून सांगतो. पुराची रेघ कुठवर आली ते घराच्या भिंतीवर दिसते. कुठल्या वडापाशी रस्ता दोन मीटर डावीकडे सरकवला तर वड वाचतो, हे टेप लावले की कळते. रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखेच व्हावे असा दंडक कुठे आहे? झाडे एका अंगाला असतील तर रस्ता दुसऱ्या अंगाला वाढवता येतो. जमीन जाणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा लागेल, तो द्यावा. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावायचे तर गुलमोहर-सप्तपर्णी नकोत. लिंब, चिंच, वड, उंबर लावावेत आणि तेही पुढच्या रुंदीकरणाच्या रेषेबाहेर, नाहीतर वीस वर्षांनी पुन्हा आकडे रंगवायचे. हा सगळा तपशील ग्रामसभेत वाचला जावा, कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली लिहिला जावा.

यासाठी दिल्लीची अधिसूचना लागत नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद यांनी ठरवले तर एका परिपत्रकाचे काम आहे. पावसाळा सरला की कार्यारंभ आदेश निघू लागतील. त्याआधी प्रत्येक रस्त्यामागे एक दिवसाची पायपीट, आणि अंदाजपत्रकात दोन बाबी: मोऱ्या मोठ्या करण्याचा वाढीव खर्च आणि रोपांना पाच वर्षे पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार. दुसरी बाब पहिल्याच छाननीत कापली जाते, असा आजवरचा अनुभव आहे. ती कापणाऱ्याची सही आणि कारण फाईलवर यावे, एवढी आमची मागणी.